चिंचोळीत एक शेड द्या

चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील सर्व कारखानदार, भागीदार आणि व्यवस्थापकांस खुले पत्र



मागणं सुरुवातीलाच सांगून टाकावं, म्हणजे पुढचं वाचताना मनात शंका राहणार नाही. चिंचोळी एमआयडीसीत एक रिकामी शेड हवी आहे. तिच्यात धोट्यावर चालणारे दोन-तीन जुने माग, एक जकार्ड, कार्डं पंच करायचं यंत्र, बसायला सतरंज्या आणि माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायची साधी सोय. शिकवायला सोलापुरातले निवृत्त विणकर, जॉबर, नक्षीचे ग्राफ काढणारे आणि कांड्या भरण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या बायका. शिकायला तुमच्याकडे पाळीत काम करणारी तरुण मुलंमुली आणि त्यांची शाळेत जाणारी भावंडं. आठवड्यातली एक दुपार पुरे.

असं काही करायचं तर ते गावात, पूर्व भागात करावं, चिंचोळीत कशाला, असं तुमच्यापैकी अनेकांना वाटेल. गावात करणाऱ्यांनी ते जरूर करावं. पण तरुण माणसं दिवसाचा मोठा भाग जिथं असतात ती जागा आता पुणे रस्त्यावर आहे. सकाळच्या पाळीच्या गाड्या अशोक चौकातून, कर्णिक नगरातून, निलम नगरातून, विडी घरकुलातून पोरं उचलतात आणि केगावचं विद्यापीठ, कोंडी, पाकणी मागं टाकत तुमच्या गेटापाशी आणून सोडतात. या पोरांपैकी कितीतरी जण विणकरांची नातवंडं आहेत. आजोबा चादरीच्या मागावर, आजी कांड्यांवर नाहीतर विड्यांवर, वडील टॉवेलच्या कारखान्यात, आणि नातू मोटारीचा कॅमशाफ्ट बनवणाऱ्या यंत्रावर किंवा औषधाच्या रिअ‍ॅक्टरपाशी. तीन पिढ्यांत घराचा धंदा बदलला, तो बदलायलाच हवा होता. पण नातू रातपाळी करून सकाळी घरी येतो तेव्हा आजोबा देवळात गेलेले असतात, आणि आजोबा परततात तेव्हा नातू झोपलेला असतो. एका घरात राहून दोघांची गाठ पडत नाही. ती गाठ घालून देणं कारखान्याला सहज जमण्यासारखं आहे, कारण वेळ कारखान्याच्या हातात आहे.

सोलापूरची गिरणी कुणी नव्यानं सांगायला नको. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग सुरू झाली, तिला गाव पुढं ‘जुनी मिल’ म्हणू लागलं. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. भोंगा वाजला की गाव उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं. तेलंगणातून पद्मशाली आले, आसपासच्या कानडी मुलखातून माणसं आली, मोमीन विणकर आधीपासून होते, दुष्काळातून बाहेर पडलेला मराठी शेतकरी आला, इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवून सेटलमेंटच्या तारेच्या आत डांबलेल्या जमातींची माणसंही गिरणीत राबली. मे १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यात गाव पेटलं तेव्हा इंग्रजांनी या गावावर मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. त्या लढ्यातल्या गर्दीचा मोठा हिस्सा गिरणी कामगारांचा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये जुनी मिल मालकांनी बंद केली, सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि त्यातून उभा राहिलेला चरणजितलाल चौधरी खटला आज देशातला प्रत्येक कायद्याचा विद्यार्थी समतेच्या हक्काच्या धड्यात वाचतो. दिल्लीच्या वर्गात सोलापूरच्या गिरणीचं नाव घेतलं जातं, आणि त्या गिरणीत ज्याचा पणजोबा होता त्या मुलाला हे ठाऊक नसतं. याची मला खंत वाटते.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, टेरी टॉवेललाही मिळालं. चांगलं झालं. पण मानांकनाचं प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावता येतं, ज्या हातांमुळे ते मिळालं ते हात मात्र दरवर्षी कमी होत चाललेत. नव्या रॅपियर मागावर धोटाच नसतो. इलेक्ट्रॉनिक जकार्डला नक्षी पेनड्राइव्हमधून मिळते. यात वाईट काही नाही, माल चांगला निघतो, कामगाराचे कानही थोडे वाचतात. प्रश्न एवढाच आहे की जुनं काम जाणणारी पिढी अजून आपल्यात आहे आणि ती फार दिवस असणार नाही.

आता जकार्डबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चिंचोळीचा आणि मागाचा खरा सांधा तिथं आहे.

चादरीवर मोर काढायचा तर आधी चौकटीच्या कागदावर ग्राफ काढतात. एक चौकट म्हणजे ताण्याचा एक दोरा आणि बाण्याचा एक दोरा जिथं एकमेकांना ओलांडतात ती जागा. चौकट रंगवली तर ताणा वर, कोरी ठेवली तर ताणा खाली. ग्राफची एकेक ओळ मग पुठ्ठ्याच्या एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायची. ही कार्डं दोऱ्यानं एकापुढं एक ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावरच्या जकार्डावर चढवायची. धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड सुयांसमोर येतं. जिथं भोक आहे तिथं सुई आत शिरते, तिचा हूक उचलला जातो आणि त्याला बांधलेला दोरा वर येतो. जिथं भोक नाही तिथं सुई मागं ढकलली जाते आणि दोरा खालीच राहतो. वर आलेल्या आणि खाली राहिलेल्या दोऱ्यांच्या मधून धोटा जातो. पुन्हा पुढचं कार्ड. अशी कार्डांची लांबच लांब माळ फिरते तेव्हा मोराचा एक पिसारा पुरा होतो, आणि चादर उलटली की तीच नक्षी मागच्या बाजूला उलट्या रंगात दिसते.

तुमच्या सीएनसी यंत्रावर उभ्या असलेल्या मुलाला हे समजावून सांगा. त्याला क्षणात कळेल. भोक आहे किंवा नाही, हो किंवा नाही, ही त्याचीच भाषा आहे. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं. पुढं इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डं वापरायचं ठरवलं. आरंभीची आकडेनियंत्रित यंत्रंही भोकं पाडलेल्या कागदी फितीवर चालत. म्हणजे साखर पेठेतल्या एका खोलीत चष्मा नाकाच्या टोकावर आणून कार्डं ठोकत बसलेला म्हातारा आणि चिंचोळीत पडद्यावर प्रोग्रॅम चढवणारा त्याचा नातू एकाच कामाची दोन टोकं धरून आहेत. हे दोघांपैकी कुणालाच कुणी सांगितलेलं नाही. आजोबाला वाटतं पोरगं आपल्या कामापासून फार लांब गेलं. नातवाला वाटतं आजोबाचं काम अडाण्याचं होतं. एका दुपारी दोघांना एका जकार्डासमोर उभं केलं, आजोबानं कार्डात भोक चुकीच्या जागी पाडलं तर मोराच्या मानेत दोष कुठं येतो ते दाखवलं, आणि नातवानं तो दोष ग्राफवर शोधून काढला, की तो गैरसमज तिथंच गळून पडेल.

आणखी एक गोष्ट हातानंच शिकावी लागते, ती म्हणजे तुटलेला दोरा जोडणं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोन टोकं एकमेकांवर आडवी धरायची, एकाचा फास दुसऱ्यावरून घ्यायचा, टोक आत सारायचं आणि ओढायचं. गाठ इतकी बारीक बसली पाहिजे की फणीच्या घरातून अडकल्याशिवाय गेली पाहिजे. सराव झालेल्या बाईचा हात बघत राहिलं तरी गाठ कधी पडली ते डोळ्याला दिसत नाही. नव्या माणसाची गाठ जाड होते, फणीत अडकते, शेजारचे दोरे तोडते. सत्तरीतल्या बाईनं विशीतल्या मुलीचा अंगठा धरून तो योग्य जागी नेला की मुलीला ते येतं. याचा व्हिडिओ पाहून ते येत नाही. आणि अंगठा धरलेला असताना म्हातारी गप्प बसत नाही. कोणत्या खात्यात होती, लग्न होऊन कुठल्या गावाहून आली, पहिला पगार किती होता, संपात घर कसं चाललं, सगळं बाहेर येतं. ध्वनिमुद्रण हवं ते यासाठी.

असं काम महाराष्ट्रात आधी झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. दळण गिरणीत गेलं, जातं कोपऱ्यात पडलं, आणि ओव्या तिथंच संपल्या असत्या. आज त्या ‘पारी’ या संग्रहात वाचता येतात, काही ऐकताही येतात, आणि गाणाऱ्या बायांच्या नातींना आजीचा आवाज सापडतो. मुंबईत मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी १९८२ च्या संपात मोडून पडलेल्या गिरणगावातल्या माणसांना बोलतं केलं, त्याचं पुस्तक झालं, ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावानं ते मराठीतही आलं. अमेरिकेत लॉवेल या गिरण्यांच्या गावात १९७८ मध्ये बंद गिरण्यांचं राष्ट्रीय उद्यान झालं. बूट मिलच्या एका मजल्यावर तिथं आजही ओळीनं यंत्रमाग चालवून दाखवतात, आवाजासकट. सोलापुरात गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आपण सगळे जाणतो. त्यावर आता वाद घालत बसायचं नाही. पण माणसं शिल्लक आहेत, आणि ती चार भाषांत बोलतात. आजी तेलुगूत सांगेल, नातू मराठीत विचारेल, शेजारचे काका कानडीत भर घालतील, कुणी मोमीन चाचा उर्दूत दुरुस्ती करतील. ते सगळं जसंच्या तसं नोंदवा. नंतर त्याचं मराठी करायला केगावचं विद्यापीठ तुमच्या रस्त्यावरच आहे. तिथले विद्यार्थीही याच घरांतून आलेले आहेत.

पिढ्या एकत्र कशा आणाव्यात हे सोलापूरला बाहेरून शिकावं लागत नाही. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. त्याआधी कितीतरी दिवस रात्री उशिरापर्यंत ते पेलण्याचा सराव चालतो. उंच, जड काठी तोलत चालायचं, आणि शेजारी पांढरी बाराबंदी घातलेले अनुभवी मानकरी तोल सांभाळायला. मुलगा खांद्याला खांदा लावून बापाच्या, चुलत्याच्या जागी उभा राहतो तेव्हाच ती जागा पुढं चालू राहते. गणेशोत्सवातली लेझीम तशीच. हलगी कडाडली की चार आवाज, आठ आवाज, बैठक, गिरकी, रांगेत पुढं साठीतला वस्ताद आणि मागं शाळकरी पोरं. रांग चुकली की वस्ताद काही बोलत नाही, नुसता थांबतो, आणि सगळी रांग थांबते. मिरवणुकीत भिंती हादरवणारा डीजे आला तेव्हा या रांगा विरळ झाल्या. आता गावातूनच डीजेविरुद्ध आवाज उठू लागलाय, तेव्हा लेझमीला पुन्हा माणसं लागतील. ती माणसं तुमच्या पाळीत अडकली आहेत.

म्हणून शेडबरोबर आणखी एक मागणं. गणेशोत्सवाआधीचा एक महिना आणि गड्ड्याआधीचा एक महिना, जो कामगार लेझमीच्या किंवा नंदीध्वजाच्या सरावाला जातो त्याला सकाळची पाळी द्या, किंवा आपसात पाळी बदलायची मुभा द्या. खर्च शून्य. पाळीपत्रक करणाऱ्या सुपरवायजरला थोडी डोकेदुखी होईल. ती त्यानं सोसावी असं मला मनापासून वाटतं.

खर्चाचं बोलू. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ज्यांचा निव्वळ नफा, उलाढाल किंवा नक्त मत्ता ठरावीक मर्यादेच्या वर आहे त्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक जबाबदारीवर खर्च करावे लागतात. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचं जतन, तसंच पारंपरिक कला आणि हस्तव्यवसायांचा विकास हा विषय स्पष्ट शब्दांत घातलेला आहे. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही, तेव्हा शेड सगळ्यांना खुली ठेवा. चिंचोळी काटीच्या, कोंडीच्या, पाकणीच्या शाळांतली मुलं येऊ देत. ज्यांच्या जमिनीवर वसाहत उभी राहिली त्या गावांतली म्हातारी माणसंही येऊ देत. त्यांच्याकडं माग नसेल, पण भजन आहे, भारूड आहे, विहीर खणण्याची आणि मोट हाकण्याची आठवण आहे. लहान कारखान्यांना हा कायदा लागू नाही. त्यांनी पैसे देऊ नयेत. अडगळीतला जुना माग द्यावा, एखादा जॉबर ओळखीचा असेल तर त्याला घेऊन यावं, दुपारची गाडी द्यावी. मोठ्यांनी विजेचं बिल भरावं. आणि येणाऱ्या म्हाताऱ्यांना मानधन मिळालंच पाहिजे. शाल-श्रीफळ देऊन त्यांची बोळवण करू नका. ते शिकवायला येणार आहेत, शिक्षकाला पगार असतो.

एका बाबतीत मात्र तुमची तयारी हवी. ही माणसं बोलायला लागली की सगळंच गोड बोलणार नाहीत. कार्डिंगच्या खात्यात कापसाची भुकटी छातीत बसायची, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दम लागायचा, आणि त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात हे अनेकांना म्हातारपणी कळलं. धोटा उडून डोळा गेलेली माणसं होती. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यानं आज शेजारी बसूनही ओरडून बोलावं लागणारी आहेत. गिरणी बंद पडली तेव्हा देणी किती वर्षं अडकली, पोरीचं लग्न कसं मोडलं, हेही निघेल. संपाच्या गोष्टी निघतील, आणि त्यात मालक नायक नसेल. हे काहीही गाळायचं नाही. वारसा म्हणजे नुसती मोराची चादर असं मानून चाललो तर म्हातारी माणसं दोन दुपारी येतील आणि तिसऱ्या दुपारी यायची थांबतील, कारण आपलं खरं कुणाला ऐकायचं नाही हे त्यांना लगेच कळतं. आणि तुमच्याच दृष्टीनं पाहा. रसायनाच्या कारखान्यात हातमोजे आणि गॉगल घालायला सांगून सांगून सुरक्षा अधिकारी थकतो. एका डोळ्यानं अधू असलेला एखादा आजोबा त्या पोरासमोर बसून पंधरा मिनिटं बोलला, तर गेटावरच्या पाट्यांपेक्षा ते जास्त लक्षात राहील.

दरवर्षी ४ मार्चला वसाहतीत राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. शपथ होते, पोस्टरं लागतात, बक्षिसं दिली जातात. येत्या ४ मार्चला त्या मांडवात चार जुने गिरणी कामगार बोलवा. त्यांना मंचावर न बसवता पोरांच्या मधोमध खुर्च्या द्या, आणि तासभर पोरांना प्रश्न विचारू द्या. एवढ्यावर पुढचं ठरवा. पोरं तासाभरात कंटाळून उठली, तर शेडचा विषय मी पुन्हा काढणार नाही. ती उठणार नाहीत अशी माझी खात्री आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि कोणती शेड रिकामी आहे ते आधी पाहून ठेवा. सिंगल फेजची वीज चालणार नाही, मागाला थ्री फेज लागते. शेडचं दार गाडीतून माग उतरवता येईल एवढं रुंद हवं, आणि म्हाताऱ्यांना पायरी चढावी लागू नये.

आपला,
सोलापूरचा एक रहिवासी